साठी भरेना

भूपाल चौगुलेनं त्रेसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा दिवस मावळल्यावर जेवायचं ठरवलं, आणि तेही म्हातारं होण्यासाठी.

चौगुल्यांच्या घरात अस्तमानानंतर कुणी कधी घास उचलला नव्हता. इचलकरंजीच्या त्या पेठेत निम्मी घरं जैनांची, त्यामुळे त्याचं कुणाला नवलही नव्हतं. सूतगिरणीत दुसऱ्या पाळीला असलेली माणसंसुद्धा उजेड आहे तोवर डबा संपवून टाकायची. त्या दिवशी मात्र गिरणी सुटल्यावर भूपाल घरी न येता बसस्थानकासमोरच्या गाडीवर गेला. चांगला अंधार पडेपर्यंत तिथं घुटमळला आणि मग शपथ घेतल्यासारखे चार वडे खाऊन घरी आला. पोटाला ते मान्य नव्हतं. मोरीत बसून त्यानं सगळं बाहेर काढलं आणि पाठोपाठ खोकल्याची अशी उबळ आली की त्याची बायको ब्राह्मी पाठीवर हात फिरवायचं सोडून त्याला धरूनच उभी राहिली.

"किती वाढलं असंल गं?" श्वास मिळाल्यावर त्यानं विचारलं.

"चार वड्यांनी रक्त म्हातारं होत नसतंय," ब्राह्मी म्हणाली.

तिला ते माहीत असणारच. शहरातलं रक्तवय केंद्र तिच्याच ताब्यात होतं. जीवरसायनशास्त्र शिकून तिनं ही नोकरी धरली तेव्हा लोक पेढे वाटायला यायचे. आता तिला बाजारात बघून तोंड फिरवायचे.

रक्तवय म्हणजे काय, हे दिवसातून दहा वेळा सांगून तिला पाठ झालं होतं. आपल्या पेशीत जनुकांची लांबलचक माळ असते आणि तिच्यावर जागोजागी मिथिल नावाच्या बारीक रासायनिक खुणा चिकटलेल्या असतात. वय वाढतं तशा काही जागच्या खुणा गळतात, काही जागी नव्या बसतात. कुठं किती आहेत हे यंत्रानं मोजलं की त्या शरीराचं वय निघतं. जन्मदाखल्यावर काहीही लिहिलेलं असो. रक्ताच्या एका थेंबात हे काम होतं.

हे यंत्र बरीच वर्षं नुसतंच होतं, त्यानं कुणाचं वाईट केलं नव्हतं. त्याला दात फुटले ते तरवडामुळे. तरवड म्हणजे माळावर, रस्त्याच्या कडेला पिवळ्या फुलांनी भरून जाणारं झुडूप. शेळीही त्याला तोंड लावत नाही. पण पुण्याच्या एका औषध कंपनीनं त्याच्या शेंगांतून एक द्रव्य वेगळं काढलं, त्याला तरवडिन नाव दिलं आणि अठरा वर्षांपूर्वी त्याची चाचणी घ्यायला नेमकी हीच पेठ निवडली. दोन वर्षं साठीच्या घरातल्या निम्म्या लोकांनी तरवडिनची कॅप्सूल घेतली, निम्म्यांनी तशीच दिसणारी पण आत नुसतं पीठ असलेली. कुणाला कुठली हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं. ते ना घेणाऱ्याला ठाऊक, ना देणाऱ्याला. दोन वर्षांनी गुपित उघडलं तेव्हा खरी कॅप्सूल घेणाऱ्यांचं रक्त पीठवाल्यांपेक्षा सरासरी सहा वर्षांनी तरुण निघालं. असा पुरावा कुठल्याच झाडपाल्यापाठीमागे आजवर नव्हता. देशभर तरवडाचा गाजावाजा झाला.

मग सरकारनं विचार केला, की माणूस जर असा तरुण राहू शकतो, तर त्यानं साठीला घरी का बसावं? नवा कायदा आला. निवृत्ती यापुढं जन्मतारखेवर नाही, रक्तवयावर. रक्त साठ दाखवील त्या दिवशी सुटी. गोळी गिरणीच्या दारात फुकट मिळेल, ज्याला नको त्यानं घेऊ नये, पण नियम सगळ्यांना एक. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात तो असा.

भूपालच्या रक्ताचं वय होतं एक्कावन्न. फुप्फुसांचं वय मोजणारं यंत्र कुणी काढलं नव्हतं. चाळीस वर्षं सूत कातणाऱ्या रिंग खात्यात कापसाची धूळ ओढून ती पार निकामी व्हायला आली होती. डॉक्टरनं तसं लिहून दिलं, तर वरून उत्तर आलं, की रक्त तरुण आहे तेव्हा माणूस अंगचोर आहे. काम सोडावं तर दवाखान्याचं कार्ड बंद होतं, आणि कार्डाशिवाय श्वासाचा फवारा नाही, रात्री लागणारा प्राणवायू नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. आणि त्याला एक्कावन्न वर्षांचा ठरवणाऱ्या कागदावर सही असायची ब्राह्मीची.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या जेवणाला, अजून उन्हं भिंतीवर असताना, भूपालनं वडिलांना वड्यांचं सांगून टाकलं. त्याचे वडील नेमगोंडा मास्तर चौऱ्याऐंशी वर्षांचे. प्राथमिक शाळेत चौथीचा वर्ग शिकवून निवृत्त झालेले, अर्थात जुन्या कायद्यानं. भूपालला वाटलं होतं, अण्णा ताटावरून उठतील. ते उठले नाहीत. आपली अळणी भाजी शांतपणे खात राहिले. मास्तरांनी कैक वर्षांपूर्वी मीठ सोडलं होतं, ते रक्तदाबासाठी, असं घरात सगळे धरून चालले होते.

"व्रत मोडायचं असंल तर असं उघड्या डोळ्यांनी मोडावं," मास्तर म्हणाले. "न कळता मोडलेल्याचं ओझं दुसऱ्याला वाहावं लागतंय. मी वाहतोय की अठरा वर्षं."

मग त्यांनी जे सांगितलं ते कुणाला कधी सांगितलेलं नव्हतं. चाचणीच्या वेळी पेठेतला विश्वासाचा माणूस म्हणून कपाटाची किल्ली त्यांच्याकडं होती. हिरव्या चिठ्ठीच्या बाटल्या आणि निळ्या चिठ्ठीच्या बाटल्या दर महिन्याला तेच वाटायचे. महिना झाला असेल, तेव्हा माल घेऊन येणारा माणूस बोलता बोलता बोलून गेला, की निळ्या बाटलीतल्या कॅप्सूलचं टरफल जिलेटीनचं आहे, जनावरांच्या हाडाकातड्याचं. हिरव्यांचं तेवढं झाडपाल्यापासून केलेलं.  ज्यांनी कांदा-लसूण कधी चाखला नाही, जे पाणी गाळल्याशिवाय पीत नाहीत, अशा माणसांना त्यांनी स्वतःच्या हातानं महिनाभर ते खाऊ घातलं होतं. त्यांनी कंपनीला विचारलं नाही, बोभाटा केला नाही. पुढच्या वाटपाला जैन घरांतली प्रत्येक निळी बाटली काढून घेतली, त्या जागी हिरवी दिली. निळ्या गेल्या ज्यांच्या घरी मटण शिजतं त्यांच्याकडं. कुणाला कुठला रंग दिला याची वही त्यांच्याकडंच होती, मोजदाद बरोबर जुळली. सगळ्यांच्या वतीनं प्रायश्चित्त म्हणून त्यांनी त्या दिवशी मीठ सोडलं.

ब्राह्मीच्या हातातला घास तसाच राहिला. हिरव्या बाटलीत तरवडिन होतं आणि निळीत पीठ, हे आता पाठ्यपुस्तकातसुद्धा छापलेलं होतं.

"मामा," ती सासऱ्यांना म्हणाली, "म्हणजे खऱ्या औषधाच्या गटात सगळी आपलीच माणसं होती?"

"व्हय की. पण औषध तेच, माप तेच. फरक टरफलाचा. त्यानं काय बिघडतंय?"

ब्राह्मी सांगायला लागली. शरीराला काही तास अन्न मिळालं नाही, की पेशी स्वतःच्या घरातली अडगळ काढून जाळायला लागते. मोडकी प्रथिनं, निकामी झालेले भाग, सगळं. घर साफ होतं आणि रक्तावरच्या वयाच्या खुणा मागं सरकतात. तरवडिन नेमकं हेच काम करतं असा कंपनीचा दावा होता. पण दिवस मावळायच्या आत जेवणारा माणूस रोजच तेरा-चौदा तास उपाशी असतो; वर अष्टमी, चतुर्दशी, पर्युषणातले उपवास. म्हणजे एका गटात जन्मभर उपवास करणारी माणसं आणि दुसऱ्यात रात्री दहाला जेवून झोपणारी. सहा वर्षांचा फरक गोळीचा की उपासाचा, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता येणार नव्हतं. चिठ्ठ्या टाकून माणसं वाटतात ती याचसाठी, की अशा सवयी दोन्हीकडं सारख्या पडाव्यात.

चौथीला तराजू शिकवलेल्या मास्तरांना हे समजायला वेळ लागला नाही. "एका पारड्यात मी आधीच माप टाकून ठेवलं म्हण की," ते म्हणाले. "म्हणजे औषध खोटं?"

"खोटं असेल, खरंही असेल. या चाचणीवरून काहीच कळत नाही. आणि कायदा उभा आहे तो या चाचणीवर."

 पुढचं वाक्य तिघांनाही दिसत होतं. कायद्याचा फेरविचार करायला पुण्यात समिती बसली होती आणि ज्याच्याकडं पुरावा असेल त्यानं यावं असं तिनं जाहीर केलं होतं. पुरावा म्हणजे मास्तरांचं तोंड. मास्तर तिथं बोलले की वर्तमानपत्रात येणार, आणि पेठेतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना कळणार की आपण महिनाभर काय खाल्लं. त्यातले बरेच आता नव्हते, पण जे होते ते सगळे ऐंशीच्या आसपासचे. कुसुमाक्का उपाध्ये तर वाऱ्यानं हलेल अशी झालेली. असं काही कानावर आलं तर ती प्रायश्चित्ताला बसणार आणि त्यातून उठणार नाही, याची मास्तरांना खात्री होती.

"माझ्या तोंडानं त्यास्नी कसं सांगू?" ते एवढंच म्हणाले.

भूपाल म्हणाला, अण्णांना यात ओढायचं नाही, मी कसंही करून ढकलीन. ब्राह्मीला दोघांचाही राग आला, आणि राग आला याची लाजही वाटली. एकीकडं नवऱ्याचा श्वास, दुसरीकडं एवढ्या माणसांची आयुष्यभराची शुद्धता, आणि मध्ये ती, हातात सुई घेऊन. केंद्रात गेल्यावर समोर बसलेल्या प्रत्येक माणसाचं बोट धरताना तिला वाटायचं, आपण याला खोट्या कुलपात घालतोय आणि किल्ली आपल्या घरात आहे. एकदा एका यंत्रमागवाल्यानं पंचावन्न आकडा ऐकून तिच्यासमोर डोकं टेबलावर टेकलं. ती पुढच्या माणसाला आत बोलवायचं विसरून गेली.

हा पेच सुटला तो भूपालला गिरणीतून उचलून आणलं त्या दिवशी. रिंग खात्यात उभ्या उभ्या कोसळला होता. सोबत्यांनी त्याला भिंतीला टेकवून बसवलं. मास्तर समोर खुर्चीत बसून पोराकडं बघत राहिले. त्रेसष्ट वर्षांचं पोर तोंड उघडं टाकून हवा शोधत होतं. मास्तरांना रडू आवरलं नाही आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, पूजा झाली, शास्त्रवाचन झालं, आणि लोक उठायच्या आत मास्तर उभे राहिले. ब्राह्मी खांबापाशी थांबली होती. त्यांनी आडवळण घेतलं नाही. काय खाल्लं, किती दिवस खाल्लं, कुणी खाऊ घातलं, सगळं सांगितलं आणि हात जोडले.  एक म्हातारे गृहस्थ तोंडावर उपरणं धरून बाहेर निघून गेले. मग कुसुमाक्का नातसुनेच्या आधारानं उभी राहिली.

"मास्तर, एकट्यानं मीठ सोडून बसलासा," ती म्हणाली. "आम्हाला सांगितला असतासा तर वाटून घेतलं असतं की."

मुनी महाराजांना विचारून सगळ्यांनी मिळून प्रायश्चित्त ठरवलं. महिनाभर एकाशन, दिवसातून एकदाच जेवण आणि पाणीही तेव्हाच. जे गेले त्यांच्या वाटचं त्यांच्या मुलांनी घेतलं. मास्तरही बसले. ब्राह्मीनं वयाची आठवण करून दिली, तर म्हणाले, अठरा वर्षांत पहिल्यांदा हलकं वाटतंय, आता मध्ये येऊ नकोस.

त्याच आठवड्यात ती दोघं पुण्याला गेली. समितीच्या अध्यक्षा डॉ. टिपणीस फार सज्जन बाई. मास्तरांना त्यांनी उठू दिलं नाही, पाणी मागवलं, आणि एकाशन चालू आहे कळल्यावर ते परत पाठवून माफी मागितली. बाटल्यांची हकिगत त्यांनी दोनदा ऐकली. मग उपवासांचं विचारलं. किती तासांचे, कोणत्या तिथीला, लहानपणापासून का, बायकाही करतात का, पाणी चालतं का. त्यांच्या सोबतचा माणूस भराभर टिपून घेत होता. इतक्या आस्थेनं ऐकणारं सरकारी माणूस ब्राह्मीनं पाहिलं नव्हतं. परतीच्या बसमध्ये ती मनातल्या मनात भूपालच्या निवृत्तीला कुणाकुणाला जेवायला बोलवायचं हे ठरवत होती.

एकाशनाचा महिना संपत आला तेव्हा समितीचा निर्णय आला. चाचणी रद्द. तरवडिनच्या गोळ्या दुकानांतून परत मागवा, कंपनीवर कारवाई करा. ब्राह्मी वाचता वाचता उठून उभी राहिली होती. पुढची पानं वाचता वाचता ती खाली बसली.

समितीनं म्हटलं होतं, की नेमगोंडा चौगुले यांच्या प्रामाणिक साक्षीमुळं एक मोठी गोष्ट उजेडात आली. रक्त तरुण राहतं ते उपवासानं, अस्तमानाआधी जेवल्यानं. त्याला ना गोळी लागते ना खर्च, आणि ते कुणालाही जमण्यासारखं आहे. यंत्रात दोष नाही, तेव्हा कायदा कायम. उलट आता तरुण न राहण्याची सबब कुणाला उरलेली नाही. सर्व गिरण्यांनी संध्याकाळनंतर उपाहारगृहं बंद ठेवावीत. उपवासाच्या परिणामाची रीतसर नवी चाचणी सुरू करावी.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? पहिल्याच रात्री दुसऱ्या पाळीच्या माणसांना गिरणीत चहाबरोबर खारी मिळाली नाही, आणि ते कुणामुळं, हे सगळ्या शहराला माहीत होतं. चौगुल्यांच्या दारात कुणी येईनासं झालं.  भूपाल फवारा तोंडात धरून पाळीला गेला. गोळीच्या नावानं बोटं मोडायची तरी सोय होती, आता तीही राहिली नव्हती. त्याला कामाला जुंपणारी गोष्ट त्याच्याच घरातली, त्याच्या आईनं त्याला घासाघासाबरोबर शिकवलेली निघाली.

भूपालची सहामाही तपासणी आली ती रविवारी. केंद्रात गर्दी नव्हती. ब्राह्मी सुया मांडत होती, तर आत आले मास्तर. भूपालला त्यांनी बाहेर बाकावर बसवलं होतं. त्यांनी दार लोटलं, खिशातून भूपालचं कार्ड काढून यंत्राच्या खाचेत घातलं आणि स्वतःचं बोट पुढं केलं.

ब्राह्मीला आधी कळलंच नाही. कळल्यावर तिनं मान हलवली. हे आजवर तिच्याही मनात आलं नव्हतं असं नाही, पण या घरात असं काही करायचं तर मास्तरांच्या डोळ्याला डोळा कसा द्यायचा, इथंच ती अडायची. आणि आता मास्तरच बोट पुढं करून बसले होते. चौथीच्या पोरांना खोटं बोललं म्हणून अंगणात उभं करणारे मास्तर.

"मामा, तुमचं सत्याचं व्रत आहे."

"माझं हाय ना? मग कुणासाठी मोडायचं ते मी ठरवणार. चौऱ्याऐंशी वर्षांचं रक्त हाय, ब्राह्मी. घे."

तिनं घेतलं. त्यांच्या सुरकुतलेल्या बोटातून थेंब यायला वेळ लागला. यंत्र घुरघुरायला लागलं. बाहेर भूपालची उबळ थांबत नव्हती, आणि ती ऐकताना ब्राह्मीला आपण गुन्हा करतोय याचं काहीच वाटेना. सही करायची, कार्डावर निवृत्तीचा शिक्का मारायचा आणि नवऱ्याला हाताला धरून घरी न्यायचं. साऱ्या अंगावरून ओझं उतरल्यासारखं तिला झालं. तिनं पेनाचं टोपण काढून ठेवलं.

पडद्यावर आकडा आला. तिनं तो पाहिला, उरलेल्या थेंबाचा नमुना पुन्हा घातला, पुन्हा थांबली. तोच आकडा आला.

"किती?" मास्तरांनी विचारलं.

 चौऱ्याऐंशी वर्षं दिवसाउजेडी जेवलेलं, अठरा वर्षं बिनमिठाचं, आणि वर महिनाभर एकाशन केलेलं ते रक्त होतं.

"अठ्ठावन्न," ती म्हणाली.

मास्तरांनी वाकून आकडा स्वतः वाचला. मग त्यांनी यंत्रातून पोराचं कार्ड काढून घेतलं आणि धोतराच्या सोग्यानं बोटावरचं रक्त पुसलं.

"उद्यापासनं दोन डबे कर," ते म्हणाले. "माझीबी साठी भरली न्हाई अजून."